माध्यमिक स्तरावरील संगीत अध्यापन आणि किशोरवयीन स्वरपरिवर्तन

सारांश : माध्यमिक शाळेत संगीत शिकणारा विद्यार्थी साधारणतः बारा ते सोळा या वयोगटातील असतो. याच काळात त्याच्या स्वरयंत्रात मोठे बदल घडून येतात. आपल्याकडील संगीत अध्यापनाची मांडणी मात्र या बदलाची फारशी दखल घेत नाही. परिणामी अनेक विद्यार्थी, विशेषतः मुलगे, आठवी-नववीत गाणे सोडतात आणि पुढे स्वतःला 'गाता न येणारे' मानतात. प्रस्तुत लेखात स्वरपरिवर्तनाची प्रक्रिया, तिचे अध्यापनावर होणारे परिणाम आणि हिंदुस्थानी संगीतपद्धतीच्याच आधारे योजता येणारे उपाय यांचे विवेचन केले आहे.

प्रस्तावना

मुलाचा आवाज बदलू लागला की मराठीत 'आवाज फुटला' किंवा 'कंठ फुटला' असे म्हणतात. एकाच घटनेची ही दोन वर्णने लक्षणीय आहेत. आवाज फुटणे यात काही तरी मोडल्याची सूचना आहे, तर कंठ फुटणे यात अंकुर फुटावा तसे काही नवे उगवल्याची. शाळेतील संगीताच्या वर्गात बहुधा पहिला अर्थच प्रभावी ठरतो. सातवीपर्यंत प्रार्थनेत पुढे उभा राहून गाणारा मुलगा आठवीत मागच्या रांगेत जातो आणि नववीत नुसते ओठ हलवतो. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतासाठी निवड करताना त्याला वगळले जाते. त्याला गाणे येत नाही असे कोणी स्पष्ट सांगत नाही, तरी तो तसे समजून घेतो.

शालेय संगीताचे उद्दिष्ट केवळ गायक घडविणे हे नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी शाळा हे संगीताचे पद्धतशीर शिक्षण मिळण्याचे पहिले आणि अनेकदा शेवटचे ठिकाण असते. अशा ठिकाणी एका नैसर्गिक शारीरिक अवस्थेमुळे विद्यार्थी संगीतापासून कायमचा दुरावत असेल, तर तो प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या गळ्याचा नसून अध्यापनपद्धतीचा आहे, असे म्हणावे लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

घराण्यांच्या परंपरेत शिष्याचा षड्ज कोणता असावा हे गुरू ठरवीत असे. शिक्षण समोरासमोर व एकेकट्याचे असल्याने शिष्याच्या आवाजातील बदल गुरूच्या कानांतून सुटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतशिक्षण संस्थात्मक रूप घेऊ लागले. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी गायनशाळा चालविली. ५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी दहा थाटांची व्यवस्था, स्वरलेखन आणि क्रमिक पुस्तके यांच्याद्वारे वर्गात शिकविण्याजोगा अभ्यासक्रम उपलब्ध करून दिला.

या कार्याचे महत्त्व वादातीत आहे. संगीत सर्वसामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचले ते या परंपरेमुळे. तथापि एकेकट्याच्या तालमीकडून समूहाध्यापनाकडे येताना एक गोष्ट मागे पडली. वर्गात पेटी एक, शिक्षक एक आणि विद्यार्थी चाळीस-पन्नास, म्हणून षड्जही एकच झाला. लहान मुलांच्या वर्गात यामुळे फारशी अडचण येत नाही, कारण त्या वयात मुलगे व मुली यांच्या आवाजाचा पल्ला जवळजवळ सारखा असतो. माध्यमिक स्तरावर मात्र हीच सोय अन्यायकारक ठरते.

स्वरपरिवर्तनाची प्रक्रिया

स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंच्या कंपनांतून आवाज निर्माण होतो. तंतू जितके लांब व जाड, तितकी कंपने कमी आणि आवाज तितका खालचा. तारुण्यागमाच्या वेळी पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावाने मुलांचे स्वरयंत्र वेगाने वाढते, त्याची पुढची कूर्चा बाहेर येऊन कंठमणी दिसू लागतो आणि स्वरतंतूंची लांबी व जाडी वाढते. मुलींच्या स्वरयंत्राचीही वाढ होते, परंतु ती तुलनेने बरीच कमी असते.

याचा परिणाम आवाजाच्या उंचीवर होतो. मुलाच्या बोलण्याच्या आवाजात आरंभी सेकंदाला सुमारे २५० कंपने असतील, तर प्रौढ पुरुषाच्या आवाजात ती सुमारे १०० ते १३० पर्यंत उतरतात. म्हणजे मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. पेटीवर पांढऱ्या व काळ्या पट्ट्या मिळून मोजल्यास हा उतार सुमारे बारा पट्ट्यांचा होतो. मुलींचा आवाज दोन-तीन पट्ट्या इतकाच उतरतो, पण काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखा भाव येतो. स्वरतंतू पूर्णपणे न मिटल्यामुळे हे घडते.

हा बदल एका रात्रीत होत नाही. काहींच्या बाबतीत तो काही महिन्यांत पुरा होतो, तर काहींना दोन वर्षेही लागतात. त्याचा आरंभ अकराव्या-बाराव्या वर्षी होऊ शकतो किंवा चौदाव्या वर्षापर्यंत लांबू शकतो. त्यामुळे आठवीच्या एकाच बाकावर न बदललेला, बदलणारा आणि बदललेला असे तिन्ही प्रकारचे आवाज बसलेले असू शकतात. मधल्या अवस्थेत गाण्याचा पल्ला आक्रसतो. पूर्वी सहज लागणारा तार षड्ज लागत नाही आणि खालचे स्वर अजून तयार झालेले नसतात. अनेक मुलांच्या हाती या काळात जेमतेम सहा-सात सुखाचे स्वर उरतात. इंद्रिय वाढले, पण त्याला चालविण्याची स्नायूंची जुनी सवय तशीच राहिली, म्हणून आवाज मध्येच चिरकतो वा घसरतो. हा दोष बेसूरपणाचा नव्हे. कान शाबूत असतात. कानाने ओळखलेला स्वर गळ्यातून काढण्याची यंत्रणा तेवढी नव्याने बसवावी लागते.

मौन की मर्यादित गायन?

या काळात मुलाने गावे की नाही याविषयी संगीतशिक्षकांत जुना मतभेद आहे. आरशाच्या साहाय्याने स्वरयंत्राचे निरीक्षण करणारे प्रसिद्ध गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया (१८०५-१९०६) यांचा कल पूर्ण विश्रांतीकडे होता. विसाव्या शतकात या मताला मोठा छेद गेला. अमेरिकेतील अर्विन कूपर यांनी बदलत्या आवाजाला स्वतंत्र आवाज मानून त्याच्या पल्ल्याला साजेशी गीते द्यावीत असा आग्रह धरला. जॉन कुक्सी यांनी १९७७ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखनात स्वरपरिवर्तनाच्या क्रमाने येणाऱ्या अवस्थांचे वर्गीकरण केले आणि प्रत्येक अवस्थेतील सुखाचा पल्ला दाखवून दिला. आवाज ताणला जात नसेल तर या काळात गाणे अपायकारक नसते, उलट नव्या आवाजाशी ओळख होण्यास त्याची मदतच होते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

आपल्याकडे 'आवाज फुटेपर्यंत थांब' हा सल्ला आजही ऐकू येतो. त्यामागील काळजी प्रामाणिक असते. परंतु शाळेच्या संदर्भात या थांबण्याचा अर्थ वेगळा होतो. गुरुगृही थांबलेला शिष्य संगीताच्या सहवासातच राहत असे. शाळेत वर्ष-दोन वर्षे थांबलेला विद्यार्थी तोवर दहावीत पोहोचलेला असतो आणि संगीताच्या तासिकेची जागा सरावपरीक्षेने घेतलेली असते.

हिंदुस्थानी पद्धतीतील अनुकूलता

या समस्येवरील उपाय आपल्या संगीताच्या मूळ रचनेतच आहे. हिंदुस्थानी संगीतात षड्ज अचल आहे तो इतर स्वरांच्या संदर्भात, परंतु त्याची उंची ठरलेली नाही. प्रत्येक गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज घेतो. पुरुष गायक सामान्यतः काळी एक वा काळी दोनच्या आसपास गातात, तर गायिका पांढरी पाच, काळी चार किंवा काळी पाच या पट्ट्यांत गातात. मोठ्या कलावंताला जे स्वातंत्र्य आपण गृहीत धरतो, ते चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याला नाकारण्याचे कारण नाही.

यासाठी सत्राच्या आरंभी आणि मध्यावर प्रत्येक विद्यार्थ्याची षड्ज-निश्चिती करावी. तिला फार वेळ लागत नाही. विद्यार्थ्याला नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात वीसपासून एकपर्यंत उलटे अंक मोजण्यास सांगावे. उलटे मोजताना लक्ष अंकांवर राहते, त्यामुळे आवाज कृत्रिमपणे चढविला वा उतरविला जात नाही. शेवटचा अंक लांबवून तो पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळतो ते पाहावे. तेथून विनासायास जितके खाली जाता येते तो सर्वांत खालचा स्वर नोंदवावा. त्याच्या एक-दोन पट्ट्या वर षड्ज धरून पंचम व धैवत सहज लागतात का ते तपासावे. ही नोंद नावासमोर तारखेसह ठेवली, तर तीन-चार महिन्यांनी झालेला बदल शिक्षकाला आणि विद्यार्थ्यालाही दिसतो. आपला आवाज बिघडत नसून उतरत आहे, हे कागदावर पाहिल्याने विद्यार्थ्याच्या मनातील भीती पुष्कळ कमी होते. ही तपासणी सर्वांसमोर न करता बाजूला, एकेकाची करावी.

गटरचना आणि पाच काळ्या पट्ट्या

पन्नास विद्यार्थ्यांचे पन्नास षड्ज ठेवणे अर्थातच शक्य नाही. व्यवहारात तीन गट पुरेसे होतात. मुली व न बदललेल्या आवाजाचे मुलगे यांचा पहिला गट काळी पाचमध्ये, बदलत्या आवाजाच्या मुलांचा दुसरा गट काळी तीनमध्ये आणि आवाज स्थिरावलेल्या मुलांचा तिसरा गट काळी एकमध्ये गाऊ शकतो. ही विभागणी मार्गदर्शक समजावी. प्रत्यक्ष नोंदींनुसार ती एखाद-दोन पट्ट्यांनी बदलावी. दुसऱ्या गटाकडून मंद्र सप्तकातील विस्ताराची किंवा तार षड्जाची अपेक्षा करू नये. षड्ज ते धैवत एवढ्या क्षेत्रात बसणारी गीते, सरगम आणि अलंकार त्यांना द्यावेत.

या तीन पट्ट्या निवडण्यामागे आणखी एक सोय आहे. पेटीच्या एका सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. काळी एकला षड्ज मानून या पाचच पट्ट्या क्रमाने वाजविल्या की सा, रे, म, प, ध हे दुर्गा रागाचे शुद्ध स्वर मिळतात. त्याच पट्ट्या काळी तीनला षड्ज मानून वाजविल्या की सा, रे, ग, प, ध हे भूपाचे स्वर होतात. काळी पाचपासून आरंभ केल्यास कोमल गांधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत व कोमल निषाद मिळून मालकंसाचे स्वर येतात. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी काळी दोनपासून धानीचे, तर काळी चारपासून मधमाद सारंगाचे स्वर हाती लागतात.

मूर्च्छनेचे तत्त्व पुस्तकातील व्याख्येपेक्षा या प्रात्यक्षिकातून विद्यार्थ्यांना लवकर उमगते. त्यातून तीन गटांना एकमेकांशी जोडणारा सांगीतिक दुवाही मिळतो. काळी एकमध्ये मिळवलेल्या तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावली, तर ती काळी तीन होते. म्हणजे एका गटाचा मध्यम हा दुसऱ्या गटाचा षड्ज ठरतो. या तानपुऱ्यावर एक गट दुर्गाची स्वरवाक्ये आणि दुसरा गट भूपाची स्वरवाक्ये आळीपाळीने गाऊ शकतो. पं. जसराज (१९३०-२०२०) यांनी रुजविलेल्या जसरंगी जुगलबंदीत पुरुष व स्त्री कलावंत आपापल्या षड्जात भिन्न राग गातात, त्यामागे हेच तत्त्व आहे. अर्थात केवळ स्वरसमूह म्हणजे राग नव्हे, हेही याच वेळी सांगितले पाहिजे. चलन, न्यास आणि वादी-संवादी यांवाचून भूप आणि दुर्गा यांची व्यक्तिमत्त्वे उभी राहत नाहीत.

तासिकेचे नियोजन

अनेक शाळांत संगीताला आठवड्यातून एखादीच तासिका मिळते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेची पुढीलप्रमाणे आखणी करता येईल. पहिली पाच मिनिटे मिटल्या ओठांनी गुंजन व ओंकार, प्रत्येक गटाने आपल्या षड्जात. पुढील दहा मिनिटे अलंकार, गटागटाने. एक गट गात असताना उरलेल्या दोन गटांनी हातावर ताल धरावा. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर काल दाखविणे ही क्रिया एकाग्रतेची असल्याने कोणीही रिकामे राहत नाही. त्यानंतरची दहा मिनिटे सरगमगीत, बंदिश अथवा लोकगीत. पुढील सात मिनिटे दादरा, केरवा, झपताल यांचे बोल व दुगुण. शेवटची तीन मिनिटे श्रवण.

ज्या दिवशी एखाद्याचा आवाज अजिबात साथ देत नाही, त्या दिवशी त्याने तालाचे काम करावे, स्वरलेखन करावे किंवा तानपुऱ्याचा सूर सांभाळावा. तो वर्गात सहभागी राहतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. आज तानपुऱ्याचा सूर भ्रमणध्वनीवरही सहज मिळतो, त्यामुळे तीन पट्ट्यांसाठी तीन वाद्यांची गरज उरलेली नाही.

काही पथ्येही सांगावीत. वरचा स्वर ओरडून काढू नये. मैदानावर आरडाओरडा केल्यानंतर लगेच गाऊ नये. पाणी पुरेसे प्यावे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकला किंवा गाताना वेदना होत असतील, तर ते स्वरपरिवर्तन समजून दुर्लक्ष करू नये. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

मूल्यमापन आणि शिक्षकाची भाषा

मूल्यमापनात तार सप्तकातील फिरत किंवा मोठा आवाज यांना महत्त्व दिले, तर बदलत्या आवाजाचा विद्यार्थी आरंभीच मागे पडतो. त्याऐवजी स्वतःच्या षड्जाशी इमान, लयीचे भान, राग ओळखण्याची क्षमता, स्वरलेखन वाचता येणे आणि तालाची क्रिया या बाबी तपासाव्यात. यांपैकी एकही गोष्ट कंठाच्या अवस्थेवर पूर्णतः अवलंबून नाही. संगीत परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही, मागील परीक्षेची पट्टी पुढील परीक्षेत बदलणे यात कमीपणा नाही, हे शिक्षकाने पालकांना समजावून सांगावे.

याहून सूक्ष्म प्रश्न भाषेचा आहे. 'रेडा ओरडतोय', 'आवाज फाटला' असे उद्गार वर्गात सहज निघतात आणि त्यावर हशा पिकतो. त्या वयातील मुलाला आवाजातील बदल आधीच लाजवीत असतो. शिक्षकाने परिवर्तनाची प्रक्रिया सत्राच्या आरंभीच, विज्ञानाच्या पाठाइतक्या सहजतेने, सर्वांसमोर समजावून दिली तर हशाला जागा उरत नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकांचे साहाय्य घेता आले तर उत्तमच.

धोरणात्मक बाजू

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य असावे असे सुचविले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासविषय व अभ्यासेतर उपक्रम यांतील कठोर भेद दूर करण्याची भूमिका घेण्यात आली. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. ही तरतूद आठवीपाशी थांबते. ज्या टप्प्यावर विद्यार्थ्याला आपल्या नव्या आवाजासाठी जाणकार कानाची सर्वाधिक गरज असते, त्याच नववी-दहावीच्या टप्प्यावर तो या तरतुदीच्या बाहेर पडतो, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अतिरिक्त गुण देण्याची तरतूद करण्यात आली. तिने कलाशिक्षणाला प्रतिष्ठा दिली हे खरे. परंतु तिचा लाभ मुख्यतः शाळेबाहेर शिकवणी लावू शकणाऱ्यांना होतो. वर्गात मागच्या रांगेत ओठ हलविणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचत नाही. त्याच्यासाठी शाळेतील तासिका आणि ती समजून घेणारा शिक्षक हाच एकमेव आधार आहे. म्हणून संगीत शिक्षकांच्या प्रशिक्षणात किशोरवयीन आवाजाचा अभ्यास हा स्वतंत्र घटक असणे आवश्यक ठरते.

समारोप

माध्यमिक स्तरावर विद्यार्थ्याचा आवाज बदलतो ही अडचण नसून त्या वयाचे स्वाभाविक लक्षण आहे. षड्ज-निश्चिती, तीन गटांची रचना, मर्यादित पल्ल्याची गीते, तालक्रियेचा सहभाग आणि अनुकूल मूल्यमापन या उपायांना वेगळा निधी वा नवी साधने लागत नाहीत. लागतो तो षड्ज विद्यार्थ्यागणिक वेगळा असू शकतो याचा स्वीकार, आणि हा स्वीकार आपल्या संगीतपरंपरेत पूर्वीपासून आहे. वर्गाच्या सोयीसाठी तो काही काळ बाजूला पडला, इतकेच. तो परत आणता आला, तर दहावीतून बाहेर पडणारा प्रत्येक विद्यार्थी गायक होईल असे नाही. परंतु आपला षड्ज कोणता हे त्याला ठाऊक असेल, आणि 'मला गाता येत नाही' हे वाक्य शाळेने त्याच्या पदरात टाकलेले नसेल.